पाकीटबंद फळपेये आणि आपली मुले : पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांच्या पालकसभांमध्ये मुलांच्या आहाराविषयी बोलायला मी अनेक वर्षे जाते. डबा, भाजी आणि दूध यांच्याविषयीची विचारपूस संपली, की शेवटच्या रांगेतून एखादी आई हमखास विचारते, ‘‘ज्यूस दिलेला चालतो ना हो? फळाचाच असतो.’’ या ‘फळाचाच’ शब्दावर विसंबून आपण मुलांच्या हातात काय देतो, हे पालकांना नीट कळावे, म्हणून सभांमध्ये पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे उत्तरांसह मांडले आहेत.

दुकानात ‘ज्यूस’ म्हणून मागितल्यावर जे मिळते, तो खरोखर फळांचा रस असतो का?

बहुतेक वेळा नसतो. आपण बोलताना सगळ्यालाच ‘ज्यूस’ म्हणतो, पण कायद्याच्या भाषेत रस, नेक्टर (पाणी व साखर मिसळलेले, पण फळपेयापेक्षा जास्त रसाचे पेय) आणि फळपेय या तीन वेगळ्या वस्तू आहेत. दहा-वीस रुपयांना मिळणारे आंब्याचे, पेरूचे किंवा सफरचंदाचे लहान पाकीट हे सहसा ‘फळपेय’ या वर्गात मोडते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार अशा पेयात फळांच्या रसाचे किंवा गराचे प्रमाण किमान १० टक्के असले म्हणजे पुरते. लिंबाच्या पेयाला तर ५ टक्केही चालतात. काही उत्पादक यापेक्षा जास्त गर घालतात आणि तसे पाकिटावर छापतातही. पण १० टक्क्यांच्या हिशेबाने पाहिले तर १६० मिलिलिटरच्या पाकिटात जेमतेम १६ मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे रस असतो. उरलेल्यात मुख्यतः पाणी आणि साखर असते, शिवाय आंबटपणासाठी सायट्रिक आम्ल, दाटपणासाठी पेक्टिनसारखा एखादा पदार्थ, स्वाद आणि बऱ्याचदा रंग.

हे सगळे पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहिलेले असते, लपवलेले नसते. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणजे जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. पहिला शब्द ‘पाणी’ आणि त्याच्या पाठोपाठ ‘साखर’ दिसली, की पाकिटात काय आहे ते उमगते. अडचण एवढीच, की मागची अक्षरे मोहरीएवढी असतात आणि पुढचा आंबा तळहाताएवढा असतो.

चित्रातला आंबा तर हापूस दिसतो. आत हापूसच असतो का?

देशातील आंबापेयांसाठी लागणारा बराचसा गर तोतापुरीचा असतो. आंध्र प्रदेशातील चित्तूर आणि तामिळनाडूतील कृष्णगिरी हा परिसर त्याचे आगर आहे. तोतापुरी भरपूर पिकतो, स्वस्त पडतो आणि त्याचा गरही चांगला निघतो, त्यामुळे त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत गर काढून निर्जंतुक पिशव्यांत भरतात, त्या पिशव्या पिंपांत साठवतात आणि वर्षभर लागेल तसा तो पाणी, साखर व आम्ल यांत मिसळतात. मिश्रण तापवून निर्जंतुक करताना फळाचा मूळ सुगंध बराचसा उडून जातो, म्हणून स्वाद वेगळा घालावा लागतो. रत्नागिरी-देवगडच्या बागेतल्या मुलाला पाकिटातले पेय ‘आंब्यासारखे’ लागते, पण आंबा लागत नाही, त्याचे कारण हेच.

ही पेये मुलांमध्ये एवढी लोकप्रिय कशी झाली?

याचे उत्तर जाहिरातींपुरते मर्यादित ठेवले, तर आपण स्वतःचीच फसवणूक करू. सत्तरच्या दशकात आंबापेय काचेच्या बाटलीत मिळे. ते दुकानातच उभे राहून प्यायचे आणि बाटली परत करायची, नाही तर अनामत भरायची. १९८५ मध्ये पार्ले ॲग्रोने फ्रूटी कागदी पाकिटात आणली आणि चित्र पालटले. पाकिटाला फ्रिज लागत नव्हता, ते फुटत नव्हते, परत करायचे नव्हते आणि कडेला चिकटवलेली नळी काढून चंदेरी टिकलीत खुपसली की मूल कोणाच्याही मदतीशिवाय पिऊ शकत होते. एसटीच्या प्रवासात, सहलीत, सरकस-जत्रेत असे पेय आईच्या पिशवीत सहज मावले. आज अनेक घरांत मुले कोणत्याही कंपनीच्या पाकिटाला ‘फ्रूटी’च म्हणतात.

दुसरे कारण पालकांच्या भीतीत आहे, आणि ती भीती खरी आहे. स्थानकाबाहेरच्या रसवंतीतला बर्फ कोणत्या पाण्याचा, सरबताच्या हंड्यात हात कोणी घातला, हे आपल्याला माहीत नसते. कावीळ आणि विषमज्वर पाहिलेल्या घराला बंद पाकीट जास्त भरवशाचे वाटले, तर त्यात त्या घराचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

तिसरे कारण किमतीचे. पाच आणि दहा रुपयांची पाकिटे आल्यावर मुलाला स्वतःच्या खाऊच्या पैशांत ती घेता येऊ लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा करात बदल झाले, तेव्हा फळांचा रस किंवा गर असलेल्या, वायुरहित पेयांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तर वायुयुक्त गोड पेये ४० टक्क्यांच्या गटात गेली. आंबा उत्पादक शेतकऱ्याचा विचार केला तर हे समजण्यासारखे आहे. मात्र साखरेच्या बाबतीत या दोन बाटल्यांमध्ये मुलाच्या शरीराला फारसा फरक कळत नाही.

चौथ्या कारणाविषयी सभेत सहसा कोणी बोलत नाही. आईवडील दोघेही कामावर जातात, सकाळी सातची शाळा असते, फळ चिरून दिले तर ते काळे पडून परत येते. पाकीट परत येत नाही. थकलेल्या माणसाने सोपा मार्ग धरला म्हणून त्याला गुन्हेगार ठरवून काहीच साधत नाही, आणि या लिखाणाचा तो हेतूही नाही.

एका लहान पाकिटात साखर नेमकी किती असते?

आंब्याच्या बहुतेक पेयांत दर १०० मिलिलिटरमागे साधारण १२ ते १५ ग्रॅम साखर असते. म्हणजे १६० मिलिलिटरच्या पाकिटात सुमारे २० ग्रॅम किंवा थोडी अधिक. चहाचा सपाट चमचा ४ ग्रॅमचा धरला, तर पाच चमचे झाले. ६०० मिलिलिटरची बाटली एखाद्या मुलाने दुपारभरात संपवली, तर अठरा ते बावीस चमचे साखर पोटात गेली.

आकडे ऐकून कोणाला फारसे काही वाटत नाही, हे मी अनुभवाने शिकले आहे. त्यामुळे आता सभेत मी एक ग्लास पाणी, साखरेचा डबा आणि चमचा घेऊन जाते. सर्वांसमोर एकेक चमचा साखर पाण्यात टाकते आणि ढवळते. तिसऱ्या चमच्याला कुजबुज सुरू होते. पाचव्यानंतर तो ग्लास पुढे करून मी विचारते, की हे पाणी कोणी आपल्या मुलाला देईल का? कोणाचाही हात वर होत नाही. एकदा पुढच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, ‘‘बाई गं, एवढी तर मी चार माणसांच्या चहाला घालते.’’ त्यांच्या शेजारी बसलेला नातू त्या वेळी नळीने पाकिटाच्या तळाचा शेवटचा थेंब ओढत होता, आणि तो खळखळ आवाज सगळ्या वर्गाला ऐकू गेला.

पाकिटावर ‘दैनंदिन गरजेच्या इतके टक्के’ असे छापलेले असते. ते माझ्या पाच वर्षांच्या मुलाला लागू पडते का?

नाही, आणि ही गोष्ट प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी अशी आहे. ते टक्के दिवसाला २,००० किलोकॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसाच्या हिशेबाने काढलेले असतात, आणि त्यात वरून घातलेल्या साखरेची मर्यादा ५० ग्रॅम धरलेली असते. २० ग्रॅम साखरेपुढे ‘४० टक्के’ असे वाचून आपल्याला वाटते, की अजून निम्म्याहून जास्त वाव आहे.

आता तोच हिशेब मुलाचा करू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १,३६० किलोकॅलरी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले, की मोकळी साखर (वरून घातलेली, तसेच रस आणि मध यांतली साखर) एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि शक्य तर ५ टक्क्यांच्याही खाली ठेवावी. या मुलासाठी १० टक्के म्हणजे ३४ ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे १७ ग्रॅम. एका पाकिटाने वरच्या मर्यादेचा जवळजवळ साठ टक्के भाग व्यापला, आणि खालची मर्यादा तर ओलांडलीच. दुधातली साखर, बिस्किटे, गुळाची पोळी, वाढदिवसाचा केक यांचा हिशेब अजून बाकीच आहे.

मग ‘शंभर टक्के ज्यूस’ किंवा ‘साखर घातलेली नाही’ असे लिहिलेली पाकिटे घ्यावीत का?

फळपेयापेक्षा ती बरी, पण फळाची जागा ती घेऊ शकत नाहीत. फळ चावून खाताना त्यातली साखर पेशींच्या आत, चोथ्याच्या जाळ्यात अडकलेली असते. ती सावकाश सुटते आणि पोट भरल्याची जाणीव होते. रस काढला की ते जाळे तुटते, चोथा मागे राहतो आणि साखर मोकळी होते. त्यामुळेच जागतिक आरोग्य संघटना रसातील, रसाच्या अर्कातील आणि मधातील साखरही ‘मोकळ्या साखरे’तच मोजते; अख्ख्या फळातील साखर मात्र मोजत नाही. एक संत्रे खाऊन मूल थांबते. तीन संत्र्यांचा रस ते दोन मिनिटांत पिते आणि जेवायला जागा उरवत नाही.

‘शंभर टक्के’ या शब्दांचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. पाकिटातील रस बहुधा आधी आटवून घट्ट अर्क केलेला आणि नंतर पाणी घालून पूर्ववत केलेला असतो. अशा पुनर्निर्मित रसाच्या वेष्टनावर आणि जाहिरातीत ‘१०० टक्के फळांचा रस’ असा दावा करू नये, असा आदेश अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये दिला. रसात किलोमागे १५ ग्रॅमपेक्षा जास्त गोडवा वरून घातला असेल, तर ‘गोड केलेला रस’ असे लिहिणेही बंधनकारक आहे. ‘साखर घातलेली नाही’ या ओळीखाली कधी कधी सफरचंदाचा किंवा द्राक्षाचा अर्क गोडव्यासाठी घातलेला आढळतो. तीही साखरच असते, फक्त तिचे नाव फळाचे असते.

त्यात जीवनसत्त्व क असते, त्याचा तरी उपयोग होतो ना?

होतो, पण त्यासाठी पाकिटाची गरज नाही. एक लहान पेरू, एखादा आवळा, वरणावर पिळलेले अर्धे लिंबू हे काम भागवतात, आणि पेरूबरोबर चोथाही मिळतो.

कोणत्या वयाच्या मुलाला किती दिलेले चालेल?

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या संघटनेने २०१९ मध्ये याविषयी स्पष्ट मार्गदर्शन केले आहे. दोन वर्षांच्या आतील बाळाला रस किंवा फळपेय देऊच नये. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला १२५ मिलिलिटर आणि त्यानंतर अठरा वर्षांपर्यंत २५० मिलिलिटर ही कमाल मर्यादा आहे, आणि तोही शक्यतो ताजा रस असावा. ही मर्यादा आहे, शिफारस नव्हे. रोज एवढे द्यावे असा तिचा अर्थ कोणी काढू नये. नेहमीचे १६० मिलिलिटरचे पाकीट चार वर्षांच्या मुलाची मर्यादा एकट्यानेच ओलांडते, हेही ध्यानात घ्यावे.

सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करताना बाळाला बाटलीतून ‘थोडा ज्यूस’ देणाऱ्या घरांना माझी कळकळीची विनंती आहे, की तसे करू नका. त्या वयात जिभेला जी चव लागते ती पुढे टिकते. मऊ वरणभात, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे यांच्या आधी जर दाट गोडवा ओळखीचा झाला, तर साधे अन्न त्याला बेचव वाटू लागते.

माझी मुलगी जेवतच नाही, म्हणून निदान ज्यूस तरी पोटात जावा असे वाटते. यात चूक काय?

तुमची काळजी रास्त आहे, पण बहुतेक घरांत क्रम उलटा असतो. मूल जेवत नाही म्हणून पाकीट दिले जाते, आणि पाकीट प्यायल्यामुळे ते जेवत नाही. अडीच वर्षांच्या एका मुलीची आई मला सांगत होती, की भाकरीचा तुकडाही ती तोंडात घेत नाही. दिवसभराचे खाणे लिहून काढायला सांगितले, तेव्हा सकाळी दहाला एक, दुपारी बाराला एक आणि झोपून उठल्यावर एक अशी तीन पाकिटे त्या कागदावर उतरली. बारा चमच्यांहून जास्त साखर पोटात असताना भूक लागणार कशी? पाकिटे थांबवल्यावर पहिले चार-पाच दिवस घरात रडारड झाली आणि त्यानंतर ती मुलगी ताटाजवळ येऊ लागली.

अशा मुलांत दोन प्रकारची हानी दिसते. काहींचे वजन वाढत जाते, कारण द्रवरूप उष्मांकांनी पोट भरल्यासारखे वाटत नाही आणि वरचे खाणे चालूच राहते. काहींचे वजन उलट वाढत नाही, कारण डाळ, दूध, अंडी, पालेभाजी यांची जागा साखरेच्या पाण्याने घेतलेली असते. पोट भरलेले, पण लोह आणि प्रथिने कमी. शिवाय सफरचंदाचा रस फार प्यायल्यास लहान मुलांना वारंवार पातळ शी होते, कारण त्यातील फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल त्यांच्या आतड्यांत पूर्ण शोषले जात नाहीत. अशा वेळी औषधांच्या मागे लागण्याआधी रस थांबवून पाहावा.

जुलाब झाल्यावर किंवा अशक्तपणात ही पेये देता येतात का?

जुलाबात ती मुळीच देऊ नयेत. या एका उत्तरासाठी बाकीची सगळी वाचली नाहीत तरी चालेल, इतके हे महत्त्वाचे आहे. जुलाबात शरीरातून पाणी आणि क्षार जातात. आतड्यात फार साखर असलेले द्रव गेले, की ते शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या जलसंजीवनीत, म्हणजे ओआरएसमध्ये, लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. फळपेयात लिटरला १२० ग्रॅम किंवा जास्त साखर असते, म्हणजे जवळजवळ नऊपट, आणि हवे तेवढे मीठ नसते.

हे सूत्र आपल्याच भूमीत कसाला लागलेले आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी (कॉलरा) पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्यावर हजारो जीव वाचवले. अशा औषधाचे नाव गोड पेयांच्या वेष्टनावर वर्षानुवर्षे छापले जात होते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्याची मुभा काढून घेतली. औषधाच्या दुकानातून पावडरीची पुडी आणताना तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, ते वाचून घ्यावे. पुडी मिळेपर्यंत एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे, आणि मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली तर वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्यावे.

दातांवर काय परिणाम होतो?

तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दाताचे कवच झिजवते. फळपेय मुळातच आम्लधर्मी असल्यामुळे येथे मारा दुहेरी होतो. एका दमात पिण्यापेक्षा तासभर घोट घोट घेत राहणे अधिक घातक, कारण लाळेला आम्ल निवळायला उसंतच मिळत नाही. बाटलीने ज्यूस पीत झोपी जाणाऱ्या बाळांचे समोरचे चार दात किडून खुंट झालेले मी पाहिले आहेत. ‘दुधाचे दात तर पडणारच’ असे म्हणून हे सोडून देऊ नये; त्या ठणक्याने मूल रात्रभर झोपत नाही आणि दिवसा चावत नाही.

रंग आणि टिकवणाऱ्या रसायनांची भीती बाळगावी का?

बहुस्तरीय कागदी पाकिटात निर्जंतुक करून भरलेल्या पेयाला परिरक्षकांची फारशी गरज पडत नाही, त्यामुळे ‘सहा महिने टिकते म्हणजे विषच असणार’ हा समज बरोबर नाही. बाटलीतल्या पेयांत मात्र आयएनएस २११, म्हणजे सोडियम बेन्झोएट, किंवा आयएनएस २२४, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, दिसू शकते (आयएनएस हे अन्नात मिसळल्या जाणाऱ्या अशा पदार्थांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक आहेत). कृत्रिम रंगांना आपल्याकडे किलोमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. सहा कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट यांच्या मिश्रणांमुळे काही मुलांची चंचलता वाढल्याचे इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील संशोधनात २००७ मध्ये आढळले, आणि २०१० पासून युरोपात त्या रंगांच्या वेष्टनांवर तशी सूचना छापावी लागते. त्यांपैकी टार्ट्राझिन म्हणजे आयएनएस १०२ आणि सनसेट यलो म्हणजे आयएनएस ११० हे आपल्याकडेही वापरात आहेत. हे आकडे दिसले तर पाकीट परत ठेवावे, असे माझे मत आहे. तरीही रंगाची चर्चा करताना साखर विसरली जाते, हे मला खटकते. रंग चिमूटभर असतो आणि साखर मूठभर.

शाळेत यावर काही बंधन आहे का?

महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हटवण्याचा निर्णय घेतला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार चरबी, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना ‘साखर फलक’ लावायला सांगितले, ज्यावर नेहमीच्या खाद्यपेयांत किती साखर असते ते मुलांना दिसावे. नियम कागदावर चांगले आहेत. प्रत्यक्षात शाळा सुटताना फाटकासमोरच्या टपरीवर पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात, आणि पन्नास मीटर मोजायला फूटपट्टी घेऊन कोणी येत नाही. पालक-शिक्षक संघाने मुख्याध्यापकांकडे लेखी मागणी केली, तर मात्र फरक पडलेला मी पाहिला आहे. वाढदिवसाला वर्गात पाकिटे वाटण्याऐवजी चिक्की किंवा केळी वाटावीत, असा ठराव काही शाळांनी पालकांच्याच आग्रहावरून केला.

वेष्टनावरील दावा खोटा वाटला किंवा पाकीट फुगलेले निघाले, तर काय करावे?

फुगलेले, गळणारे किंवा आंबूस वासाचे पाकीट चाखूनही पाहू नये. वेष्टन, गट क्रमांक (बॅच नंबर) आणि पावती जपून ठेवून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी.

घरचे पन्हे, कोकम किंवा लिंबाचे सरबत तरी चांगले ना?

चांगले, पण हात राखून. आपण घरच्या गोष्टींना झुकते माप देतो. आंब्याच्या पन्ह्यात गूळ ओतताना किंवा कोकमाचे आगळ (मिठातला बिनसाखरेचा रस) नव्हे, तर साखरेत मुरवलेले अमृत कोकम ग्लासात ओतताना मोजत नाही. गूळ आणि मध शरीराच्या दृष्टीने साखरच. घरी फायदा एवढाच, आणि तो मोठा आहे, की गोडवा आपल्या हातात असतो. कैरी उकडून तिच्या गरात वेलची, किंचित मीठ आणि नेहमीच्या निम्मा गूळ घालून पाहा. आठवड्याभरात मुलांना तेच बरोबर वाटू लागते. आगळात पाणी, मीठ आणि जिरेपूड घालून केलेले सरबत साखरेविना छान लागते. ताक, सोलकढी आणि शहाळ्याचे पाणी मुलांना मनापासून देता येते. उसाचा रस ताजा असला तरी तो जवळजवळ साखरेचाच रस आहे, म्हणून तो जत्रेपुरता ठेवावा.

तहान भागवायला मात्र पाणीच द्यावे.

पाहुणे आणि आजी-आजोबा हमखास पाकीट घेऊन येतात. त्यांना कसे थांबवायचे?

पूर्वी आजाऱ्याला भेटायला जाताना मोसंबी किंवा शहाळे नेत. आता रसाचा लिटरचा डबा नेतात. त्यामागची माया तीच आहे, म्हणून उत्तरही मायेनेच द्यावे. आजोबांना ‘आणू नका’ म्हटले की त्यांना आपलेच प्रेम नाकारल्यासारखे वाटते. ‘‘बाबा, तुमच्या हातचे पेरू त्याला फार आवडतात, येताना बाजारातून दोन आणाल का?’’ असे म्हटले की तेच काम सुखाने होते. दहा रुपयांच्या पाकिटाच्या पैशांत हंगामात एक-दोन केळी येतात, आणि बोरे, करवंदे, जांभळे, चिकू यांची नावे आणि चवी मुलाला आजोबांकडूनच कळलेल्या बऱ्या.

मुलाला रोजची सवय लागली आहे. ती कशी मोडावी?

पाच वर्षांवरील मुलाला सरळ सांगता येते. साखरेचा प्रयोग त्यालाच करू द्या: पाकिटावरचा आकडा त्याने वाचायचा, चमचे त्यानेच मोजायचे. लहान मुलाच्या बाबतीत घरात साठाच ठेवू नये, कारण फ्रिजमध्ये दिसणारी वस्तू नाकारणे मोठ्यांनाही जमत नाही. रोजचे पाकीट आधी दिवसाआड, मग फक्त रविवारी, मग केवळ प्रवासात असे अंतर वाढवत न्यावे. एकदम बंद करून बक्षीस म्हणून परत दाखवू नये, नाही तर तेच त्याच्या मनात सर्वांत मोठे सुख होऊन बसते. आणि वडिलांनी टीव्हीसमोर बसून तीच बाटली प्यायची आणि मुलाने पाणी प्यायचे, हे कोणत्याही घरात चालत नाही.

डब्यातले फळ काळे पडते ही तक्रार असेल, तर सफरचंदाच्या फोडींना लिंबाचा रस चोळावा, किंवा चिरावे न लागणारेच फळ द्यावे: केळे, संत्रे, अंजीर, द्राक्षे. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी द्राक्षे मात्र उभी चिरूनच द्यावीत, अख्खी घशात अडकू शकतात. संत्र्याची साल अर्धी सोलून पुन्हा गुंडाळून दिली, की मधल्या सुट्टीत बोटांनी ती सहज उघडते, आणि संध्याकाळी दप्तर उघडल्यावर डब्यात सालीच तेवढ्या उरलेल्या सापडतात.